सावधगिरीचा उपदेश आणि जबाबदारीची टाळाटाळ

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’ या आकाशवाणीवरील भाषणात पंतप्रधानांनी सायबर गुन्हेगारांपासून बचावाचा मंत्र देशाला दिला: थांबा, विचार करा, कृती करा. त्यानंतर कित्येक महिने कोणी कोणालाही फोन लावला की पलीकडची घंटा वाजण्यापूर्वी त्याला सावधगिरीचा पाठ सक्तीने ऐकावा लागे. आजारी मुलासाठी डॉक्टरांना फोन करणाऱ्या आईचीही त्यातून सुटका नव्हती. सरकारने आपले कर्तव्य असे पार पाडले. आणि फळ काय मिळाले? २०२३ साली सायबर फसवणुकीत जनतेचे ७,४६५ कोटी रुपये गेले होते. २०२४ साली हा आकडा २२,८४५ कोटींवर पोहोचला. हे आकडे विरोधकांनी रचलेले नाहीत. खुद्द गृहमंत्रालयाने ते जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिले आहेत. एका वर्षात लूट तिप्पट झाली.

तरीही उपदेश चालूच आहे. बँकेच्या भिंतीवर, पोलीस ठाण्याच्या फलकावर, मोबाइलच्या पडद्यावर तोच सूर: ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंकला हात लावू नका, पासवर्ड बदलत राहा. यातील प्रत्येक सूचना सुटी घेतली तर योग्यच आहे आणि ती पाळण्यातच शहाणपण आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ह्या सूचनांच्या आडून जनतेच्या गळी उतरवल्या जाणाऱ्या सिद्धांताशी. तो सिद्धांत असा की खात्याची सुरक्षितता ही खातेदाराची खासगी बाब होय. ज्याला लुबाडले गेले तो बेसावध होता. आणि म्हणून झालेले नुकसान त्याचे त्याने सोसावे.

कामगार चळवळीला हा युक्तिवाद नवा नाही. गिरणीतील उघड्या पट्ट्यात हात सापडून तो तुटला की मालकाचे उत्तर ठरलेले असे: कामगाराचा निष्काळजीपणा. धोका ठाऊक असूनही तो कामावर आला, म्हणजे धोका त्याने पत्करला, असे न्यायालयातही सांगितले जाई. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मागण्याचा हक्क प्रथम मान्य केला. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी यंत्राच्या मालकावर टाकली. (हे दोन्ही कायदे नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रमसंहितांनी गिळंकृत केले, त्याचा समाचार स्वतंत्रपणे घ्यावा लागेल.) ‘सावकाश काम करा’ अशी पाटी लावल्याने यंत्राला कुंपण घातले असे होत नाही, हे समजावून देण्यासाठी कामगारांना कित्येक दशके लढावे लागले. आज तीच पाटी बँकांनी आणि दूरसंचार कंपन्यांनी पुसूनपासून पुन्हा भिंतीवर टांगली आहे. यंत्र तेवढे बदलले आहे.

ह्या यंत्राकडे नीट पाहिले पाहिजे. फसवणुकीतील रुपया आकाशात विरून जात नाही. तो एका बँक खात्यातून निघतो आणि दुसऱ्या बँक खात्यात जमा होतो. ज्या क्रमांकावरून धमकीचा फोन येतो ते सिमकार्ड कोठेतरी विकले गेलेले असते. खाते उघडताना आणि सिम विकताना कागदपत्रांची पडताळणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. मग शेतमजूर विधवेला पेन्शनसाठी तीन-तीनदा अंगठा टेकवायला लावणारी ही कडक पडताळणी चोराच्या वेळी कोठे जाते? जून २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने अनेक राज्यांत छापे घातले तेव्हा सांगितले की देशभरातील ७०० हून अधिक बँक शाखांत सुमारे साडेआठ लाख ‘म्यूल’ खाती, म्हणजे चोरीचा पैसा फिरवण्यासाठी भाड्याने घेतलेली खाती, उघडली गेली होती. साडेआठ लाख! ही काही एखाद्या कारकुनाची नजरचूक नव्हे. शाखेला नव्या खात्यांचे उद्दिष्ट ठरवून दिलेले असते, कर्मचारी निम्मे केलेले असतात, आणि दूरसंचार कंपनीला प्रत्येक विकलेले सिम ताळेबंदात दाखवायचे असते. संख्या वाढली पाहिजे, हा मक्तेदार भांडवलाचा नियम आहे. पडताळणी ही त्या नियमाच्या आड येणारी अडगळ ठरते.

आणि जेथे खातेदार जागाही नव्हता, तेथे कोणत्या सावधगिरीने त्याला वाचवले असते? आधारला जोडलेल्या बँक खात्यातून अंगठ्याच्या ठशावर पैसे काढण्याची सोय आहे. गावातील बँक मित्राच्या छोट्या यंत्रावर आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढे दिले की एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. त्याला ओटीपी लागत नाही. ग्रामीण गरिबांसाठी हे वरदान असल्याची जाहिरात केली गेली, आणि बँकेची शाखा वीस मैलांवर असलेल्या म्हाताऱ्याला त्याचा उपयोग झाला, हेही खरे. पण अंगठा हा पासवर्ड नव्हे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा जन्मभर तोच राहतो, आणि तो माणूस आयुष्यभर कागदांवर उमटवत आलेला असतो. हरियाणा, तेलंगण, पश्चिम बंगाल या राज्यांत गुन्हेगारांनी नेमके हेच हेरले. जमिनीच्या नोंदणीकृत खरेदीखतांवरचे अंगठे सरकारी दप्तरातून उचलले, त्यांचे रबराचे वा सिलिकॉनचे ठसे केले, आणि खातेदारांच्या नकळत खाती रिकामी केली. तेलंगणात तर असे ठसे वापरून सिमकार्डेही सुरू करण्यात आली. या माणसांनी कोणाला काय सांगितले होते? कोणत्या लिंकला हात लावला होता? त्यांचा अपराध एवढाच की त्यांनी कायद्याप्रमाणे जमिनीचा दस्त नोंदवला आणि कायद्याप्रमाणे आधार जोडले. कुंपणानेच शेत खाल्ले आणि शेतकऱ्याला राखणीचे धडे दिले जात आहेत.

याच अंगठ्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. विटा उचलणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातील यंत्र तो खरा अंगठा ओळखत नाही आणि धान्य नाकारले जाते. रबराचा खोटा अंगठा मात्र यंत्राला पटतो. आधार क्रमांक ज्याच्या हाती आहे त्यानेच आपल्या क्रमांकाला ऑनलाइन बायोमेट्रिक कुलूप लावावे, अशी सोय आधार प्राधिकरणाने ठेवली आहे, आणि ती प्रत्येकाने अवश्य वापरावी. परंतु कुलूप उघडे ठेवून घर ताब्यात द्यायचे आणि किल्ली कोठे आहे हे रहिवाशाने शोधून काढायचे, ही कोणती रीत? सुरुवातीपासूनच बंद असलेले कुलूप, आणि खातेदाराने स्वतः मागणी केल्यावरच उघडणारी सोय, हा नियम करायला कोणते तंत्रज्ञान आडवे येते? आडवी येते ती फक्त व्यवहारांची संख्या वाढवण्याची घाई.

नुकसान कोणी सोसावे याबद्दल रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात काही तत्त्वे घालून दिली. बँकेच्या त्रुटीमुळे पैसा गेला तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर शून्य जबाबदारी. ग्राहकाचा दोष होता हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. कागदावर हे उत्तम आहे. पण त्याच परिपत्रकात, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले तर कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे, असेही कलम आहे. आणि बँकांनी आपला सारा संसार त्या एका कलमावर थाटला आहे. ओटीपी टाकला गेला, म्हणजे ग्राहक निष्काळजी, तक्रार निकाली. गुवाहाटीच्या एका ग्राहकाने ही गोष्ट सोडून दिली नाही. ऑनलाइन घेतलेला कपडा परत करताना, विक्रेत्याचा माणूस असल्याची बतावणी करणाऱ्याने त्याला ठकवले आणि त्याचे ९४,२०४ रुपये गेले. त्याने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले होते. भारतीय स्टेट बँकेने जबाबदारी झटकली आणि ९४ हजारांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेचे म्हणणे फेटाळले आणि ग्राहकाला रक्कम देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. हा निकाल प्रत्येक कामगार वस्तीत सांगितला गेला पाहिजे. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकून राहण्याची ऐपत किती गिरणी कामगारांत, किती अंगणवाडी सेविकांत आहे?

फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण असतो, हेही पाहण्यासारखे आहे. वृत्तपत्रे त्याला ‘ठग’ म्हणून मोकळी होतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरील म्यावाडी भागातून ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. परदेशात चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या अशा तरुणांची पारपत्रे काढून घेतली जातात, त्यांना कुंपणाआड कोंडले जाते आणि दिवसरात्र लोकांना फोन करून फसवण्याच्या कामाला जुंपले जाते. म्हणजे इकडे निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते, आणि लुटणारा आवाज पुष्कळदा त्याच देशातील बेकार पदवीधराचा असतो, जो स्वतःच वेठबिगार आहे. दोघांच्या मध्ये बसून जो नफा कमावतो त्याचा चेहरा कोणत्याही जनजागृती फलकावर दिसत नाही.

सावधगिरीचा उपदेश करणाऱ्या सरकारची स्वतःची सावधगिरी कशी आहे? जानेवारी २०१८ मध्ये चंडीगडच्या ‘ट्रिब्यून’ दैनिकाने दाखवून दिले की ५०० रुपये मोजले की दहा मिनिटांत आधारच्या माहितीत डोकावण्याचा मार्ग मिळतो. सरकारी यंत्रणेने तातडीने पाऊल उचलले: तक्रार नोंदवली, आणि त्या तक्रारीत बातमीदाराचेही नाव घातले. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने, आधारची छायाप्रत कोणत्याही संस्थेला देऊ नका, फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत द्या, असा इशारा दिला. इशारा अगदी रास्त होता. दोनच दिवसांत केंद्र सरकारने तो मागे घेतला; लोकांचा गैरसमज होईल म्हणे! जून २०२३ मध्ये लसीकरणासाठी कोविन व्यवस्थेत दिलेली माहिती ‘टेलिग्राम’वर मोबाइल क्रमांक टाकताच मिळू लागली. ठकसेन जेव्हा फोनवर आधार क्रमांक, जन्मतारीख आणि पत्ता अचूक सांगतो, तेव्हाच सामान्य माणसाचा त्याच्यावर विश्वास बसतो. ही माहिती त्याच्या हाती कोणी दिली, हा प्रश्न मात्र आकाशवाणीवर कोणी विचारत नाही.

खासगी कंपन्यांबद्दल थोडक्यात. २०१७ साली एअरटेलच्या दुकानात आधारवर सिमची पडताळणी करून घेणाऱ्या लक्षावधी ग्राहकांची त्यांच्या नकळत एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान परस्पर त्या खात्यांत वळले. गाजावाजा झाल्यावर पैसे परत करावे लागले. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने दंड केला तो ५ कोटींचा. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ साली ‘अटी मान्य करा नाहीतर निघा’ असे धोरण कोट्यवधी वापरकर्त्यांवर लादले म्हणून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटींचा दंड ठोठावला. ह्या कंपन्यांच्या उत्पन्नापुढे असे दंड म्हणजे धंद्याचा चालू खर्च होय. ‘संमती’ हा शब्द येथे सर्रास वापरला जातो. ज्या संमतीवाचून सिम मिळत नाही, काम मिळत नाही, रेशन मिळत नाही, ती संमती गिरणीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बदली कामगाराच्या संमतीइतकीच स्वतंत्र आहे.

मग कायद्याने काय केले? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. असा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाहीच, असा युक्तिवाद केंद्र सरकार २०१५ पासून करीत होते. मे २०१७ मध्ये तर नागरिकाला स्वतःच्या शरीरावरही निरपवाद हक्क नाही, असे सरकारच्या महाधिवक्त्यांनी न्यायालयात सांगितले होते. हरल्यानंतर सहा वर्षांनी ह्याच सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नाव संरक्षणाचे आहे. कलमे वाचली की संरक्षण कोणाचे हे कळते. सरकारच्या यंत्रणांना केंद्र सरकार एका अधिसूचनेने कायद्यातून वगळू शकते. कायदा राबवणाऱ्या मंडळाचे सदस्य नेमणार केंद्र सरकार. माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण कलम ३४ नुसार तो दंड देशाच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली आणि खाते रिकामे झाले त्याला त्यातला छदामही नाही. एवढेच नव्हे, तर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३अ हे कलम, ज्याच्या आधारे निष्काळजी कंपनीकडून नागरिकाला भरपाई मागता येत होती, तेही ह्या कायद्याने रद्द करण्याची तरतूद केली आहे. आणि ज्या नागरिकाने ‘खोटी वा क्षुल्लक’ तक्रार केली असे ठरेल त्याला मात्र १०,००० रुपयांपर्यंत दंड! १९२३ साली वसाहतवादी सरकारनेही जखमी कामगाराला एवढे ऐकवले नव्हते.

या कायद्याचा सर्वांत लबाड भाग म्हणजे कलम ४४(३). माहिती अधिकार कायद्यात व्यक्तिगत माहिती नाकारण्याला मर्यादा होत्या. व्यापक लोकहित असेल तर ती द्यावी लागे, आणि जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नसे. ह्या मर्यादा ८(१)(ञ) मधून पुसून टाकण्यात आल्या, आणि नियम जाहीर होताच १४ नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अंमलात आला. कलम ८(२) शिल्लक आहे, असे समर्थक सांगतात; पण त्या कलमाखाली लोकहित मोठे की दडवणे मोठे हे पहिल्यांदा ठरवणार तोच अधिकारी, ज्याला माहिती दडवायची आहे. हजेरीपटावरील खोटी नावे, रेशनच्या यादीतील मेलेले लाभार्थी, ठेकेदाराची बिले, हे सारे आता ‘व्यक्तिगत’. ज्या सरकारला नागरिकाचे खासगीपण न्यायालयात मान्य नव्हते, त्याला अधिकाऱ्याचे आणि ठेकेदाराचे खासगीपण असे एकाएकी पवित्र वाटू लागले आहे. नागरिकांच्या बाबतीतील तरतुदींना तर तयारीसाठी अठरा महिन्यांची सवलत आहे.

येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो, आणि तो पक्षाच्या शाखांतही ऐकू येतो: ज्याने काही गैर केलेले नाही त्याला लपवण्यासारखे काय आहे? कम्युनिस्टांचे राजकारण तर उघड आहे. प्रश्न वरवर प्रामाणिक आहे, पण त्याच्या मुळाशी असलेली समजूत भाबडी आहे. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी कामगार पुढाऱ्यांना पकडण्यात आले तेव्हा सरकारी पुराव्यात टपालात फोडलेल्या पत्रांचा मोठा वाटा होता. निदान ती पत्रे खरी तरी होती! आजचे यंत्र याच्याही पुढे गेले आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात अमेरिकेतील अर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी करून फेब्रुवारी २०२१ मध्ये असा निष्कर्ष काढला की घुसखोराचा त्या यंत्रावर बावीस महिने ताबा होता आणि आरोपाचा आधार असलेली पत्रे त्यात बाहेरून आणून ठेवलेली होती. ती विल्सन यांनी कधी उघडल्याची खूण नाही. डिसेंबर २०२२ मध्ये फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाबद्दलही त्याच संस्थेने तसाच निष्कर्ष दिला. तोपर्यंत ८४ वर्षांचे फादर ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच मृत्यू पावले होते. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत. विल्सन यांना जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा त्यांना तुरुंगात सहा वर्षांहून अधिक काळ झाला होता आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

यातील एक तपशील प्रत्येक कार्यकर्त्याने मनात नोंदवून ठेवावा. अर्सेनलच्या अहवालानुसार त्या घुसखोरीची सुरुवात १३ जून २०१६ रोजी एका ई-मेलने झाली, आणि ते वरवरा राव यांच्या खात्यावरून आलेले होते. म्हणजे एकाचे खाते फोडले की त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या दुसऱ्याचे दार उघडते. म्हणून खाते ही खासगी बाब नव्हेच. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणणाऱ्या शाखा सचिवाच्या फोनमध्ये कारखान्यात गुप्तपणे संघटना बांधणाऱ्या चाळीस कंत्राटी कामगारांची नावे असतात. त्यांना नोकरीवरून काढण्यासाठी मालकाला तेवढी यादी पुरे आहे.

याच्या उलट दुसरी प्रवृत्तीही तितकीच घातक आहे: त्यांना सगळे दिसतेच, मग काळजी कशाला? ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी विरोधी पक्षांच्या अनेक नेत्यांना, त्यांत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस कॉ. सीताराम येचुरी यांनाही, अ‍ॅपल कंपनीकडून इशारा आल्याचे उघड झाले की शासनपुरस्कृत हल्लेखोर त्यांच्या फोनला लक्ष्य करीत असावेत. कंपनीने कोणत्याही शासनाचे नाव घेतले नाही. त्याआधी पेगासस प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने तपासलेल्या २९ पैकी ५ फोनांत घातक प्रणाली आढळली, ती पेगाससच होती असे ठामपणे म्हणता आले नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. असल्या हत्यारांपुढे सामान्य फोन टिकत नाही, हे खरे. पण असली हत्यारे महाग असतात; ती शाखा-शाखांवर चालवली जात नाहीत. खालच्या पातळीवर कामी येते ते साधे दुर्लक्ष: सर्व खात्यांना एकच पासवर्ड, टेबलावर उघडा पडलेला फोन, भलत्याच संगणकाला जोडून राहिलेले व्हॉट्सअ‍ॅप. सरकारला हटवता येते हेही अलीकडेच दिसले. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप बसवलेच पाहिजे आणि ते निकामी करता येऊ नये असा आदेश काढला. ओरड झाली आणि ३ डिसेंबरला आदेश मागे घ्यावा लागला. २०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाइल आणि इंग्रजीतले पोषण ट्रॅकर अ‍ॅप यांविरुद्ध लढा पुकारून ते फोन हजारोंच्या संख्येने कार्यालयांत परत नेऊन दिले, तेव्हा यंत्राच्या अटी कोणी ठरवायच्या हाच प्रश्न त्यांनी आपल्या भाषेत विचारला होता.

म्हणून शाखांच्या बैठकीत हा विषय तांत्रिक म्हणून टाळला जाऊ नये. तो शिस्तीचा विषय आहे. ई-मेलचे खाते सर्वांत आधी सुरक्षित केले पाहिजे, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच्यामार्फतच बदलता येतात. त्याला वेगळा, लांब पासवर्ड हवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन हवे. हा दुसरा टप्पा शक्यतो एसएमएसवर ठेवू नये, कारण दुसऱ्याने त्याच क्रमांकाचे सिम मिळवले की एसएमएसही त्याच्याकडे जातो. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावावा, आणि कोणकोणती यंत्रे आपल्या खात्याला जोडलेली आहेत हे आठवड्यातून एकदा पाहावे. यास अर्धे मिनिट लागते. अंगठ्याने उघडणारा फोन अंगठा धरून उघडता येतो, म्हणून संप वा मोर्चाच्या दिवशी फोनला लांब आकडी कुलूप असावे. वर्गणीदारांची आणि सभासदांची यादी एकाच्या फोनमध्ये भटकत राहू नये, ती कोणाकडे असावी याचा निर्णय समितीने करावा, आणि काम संपलेल्या याद्या पुसाव्यात. पैसे गेलेच तर घरच्यांच्या लाजेने दोन दिवस गप्प न बसता त्याच तासाला १९३० वर आणि बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली तरच परत मिळण्याची आशा असते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक भारताच्या कायद्यात नाही, हे वस्तीतील प्रत्येक वृद्धाला समक्ष जाऊन सांगावे. एकटा, घाबरलेला माणूस फसतो. ज्याच्या शेजारी संघटना आहे तो निदान फोन ठेवून कोणाला तरी विचारतो.

हे सारे सांगून झाल्यावर मूळ मागणी बाजूला पडता कामा नये. नुकसानाचा भार सोसण्याची जबाबदारी यंत्र चालवणाऱ्यावर, म्हणजे बँकेवर आणि दूरसंचार कंपनीवर टाकली गेली, तर साडेआठ लाख खाती उघडण्याआधीच बंद होतील; पाट्या लावण्याची गरज उरणार नाही. त्यासाठी आधारवरील पैसे काढण्याची सोय मुळात बंद ठेवून मागेल त्यालाच मिळावी, म्यूल खाते ज्या बँकेत सापडेल तिने फसलेल्याला भरपाई द्यावी, माहिती अधिकारातील जुन्या मर्यादा परत आणाव्यात, आणि ४३अ कलम रद्द न करता त्याची व्याप्ती सरकारी खात्यांपर्यंत वाढवावी, ह्या मागण्या आहेत. खात्यांच्या उद्दिष्टांखाली पिचलेले आणि फसलेल्या ग्राहकाच्या शिव्या खाणारे शाखेतील बँक कर्मचारी ह्या प्रश्नावर चळवळीचे नैसर्गिक सोबती आहेत. त्यांच्या संघटना अपुऱ्या नोकरभरतीविरुद्ध आधीपासूनच झगडत आहेत. नोव्हेंबर २०२५ पासूनची अठरा महिन्यांची मुदत मे २०२७ मध्ये संपते. त्यानंतर भरपाईचे जुने कलम उरणार नाही. त्याआधी जिल्हा समित्यांनी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी बोलून, आपापल्या भागात फसवले गेलेल्यांच्या नोंदी त्यांच्या संमतीने आणि नावे उघड न करता गोळा करण्याचे काम हाती घ्यावयाचे आहे.